मीठ, मूळ आणि काळी माती

गोदावरीकाठचं वावर खारायला लागलं की पहिली खबर पिकाकडून येते. कपाशीची उगवण एखाद्या पट्ट्यात विरळ होते. नांग्या भरल्या तरी नवी रोपं तिथं तग धरत नाहीत. जी जगतात त्यांच्या खालच्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडतात, मग तपकिरी होऊन करपतात, आणि शेतकरी खताचा एक हप्ता वाढवून बघतो. माती उशिरा बोलते. उन्हाळ्यात वरंब्यांच्या माथ्यावर पांढरी साय धरते. पावसाळ्यात सखल जागी साचलेलं पाणी आठवडा उलटला तरी गढूळच राहतं, कारण त्यातली चिकणमाती खाली बसायलाच तयार नसते. वापसा लवकर येत नाही आणि आला तर दोन दिवसांत हातचा जातो. मग ढेकळं कुळवाला दाद देत नाहीत.

छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेला, पैठणला, जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय आहे. जायकवाडी प्रकल्पाचं भूमिपूजन 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झालं आणि 1976 साली इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं. डावा कालवा 208 किलोमीटरचा, उजवा 132 किलोमीटरचा. वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात या पाण्यानं ऊस आणला, मोसंबीच्या बागा जगवल्या, गहू-हरभऱ्याची खात्री दिली. त्याच पाण्यानं काही ठिकाणी खोल काळ्या जमिनी पाणथळ केल्या. कालव्याचं पाणी गोडच असतं, पण गोड पाण्यातही थोडे क्षार असतात. पीक पाणी पितं, ऊन पाणी उडवतं, आणि क्षार मागं राहतात. त्यात भूजलाची पातळी जमिनीखाली दीड-दोन मीटरपर्यंत चढली की खालचं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर ओढलं जातं आणि जुन्या थरांतले क्षारही आपल्याबरोबर वर आणतं. काळी माती मुळात निचऱ्याला कंजूष, त्यामुळे आलेले क्षार बाहेर पडायला वाट मिळत नाही.

हे सगळं महाराष्ट्राला आधीपासून माहीत होतं, याचं वाईट वाटतं. नीरा डावा कालवा 1885 साली सुरू झाला आणि पंचवीस वर्षांतच, 1910 साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पाणी देण्याआधी पाणी काढून नेण्याची सोय हवी, हा धडा तेव्हाच मिळाला होता. संभाजीनगरजवळ कांचनवाडीला 1980 साली ‘वाल्मी’, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था उभी राहिली. तिच्या नावात पाण्याबरोबर भूमीही आहे. आज महाराष्ट्रात क्षारांनी बाधलेली जमीन सुमारे 6 लाख 7 हजार हेक्टर मानली जाते. त्यातली सुमारे 1 लाख 84 हजार हेक्टर खारवट आहे आणि उरलेली 4 लाख 23 हजार हेक्टर चोपण. जमिनीचे हे दोन प्रकार वाचकानं लक्षात ठेवावेत, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यांच्यातल्या फरकाचा आहे.

खारवट जमिनीत विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण जास्त असतं. ते मोजायचं माप म्हणजे विद्युतवाहकता. मातीचा संपृक्त लगदा करून त्यातून काढलेल्या पाण्याची वाहकता दर मीटरला 4 डेसीसायमनच्या वर गेली की जमीन खारवट. (मृदा आरोग्य पत्रिकेवरचा आकडा माती आणि जास्त पाणी मिसळून काढलेला असतो. तो बराच कमी येतो, म्हणून तो या 4 शी थेट ताडून पाहू नये. तसं करून बरेच जण निर्धास्त राहतात.) चोपण जमिनीचं दुखणं वेगळं. तिथं विरघळलेले क्षार कमी असू शकतात, पण मातीच्या कणांना सोडियम चिकटून बसलेलं असतं आणि सामू साडेआठच्या वर जातो. अशा मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ते सुटे होऊन छिद्रं बुजवतात, त्यामुळे पाणी खाली जात नाही आणि हवा आत येत नाही. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेनं 1954 साली चोपण जमिनीसाठी 15 टक्के विनिमययोग्य सोडियमची रेघ आखून दिली. आपल्या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती इतकी असते की नुकसान त्याच्या बरंच आधी, पाच-सहा टक्क्यांवरच सुरू होतं. अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर कालवा नसतानाही हेच घडलेलं आहे.

आता पिकाकडे वळू.

मीठ पिकाला दोनदा मारतं. पहिला फटका लगेच बसतो: मातीतलं पाणी खारट झालं की ते ओढायला मुळाला जास्त जोर लागतो, ओल असूनही झाड तहानेलं राहतं, नवी पानं लहान निघतात. दुसरा फटका आठवड्या-दोन आठवड्यांनी दिसतो. पाण्याबरोबर आत आलेलं सोडियम पानापर्यंत पोचतं, पाणी पानातून उडून जातं आणि सोडियम तिथंच साठत राहतं. जुन्या पानात ते सगळ्यात जास्त दिवस साठलेलं असतं, म्हणून खालच्या पानांच्या कडा आधी करपतात. सोडियम इतकं घातक ठरतं ते त्याच्या साधर्म्यामुळे. पेशीतल्या पन्नासहून अधिक विकरांना पोटॅशियम लागतं. सोडियम जवळजवळ त्याच्यासारखंच असल्यामुळे त्याच वाटांनी आत शिरतं आणि त्याची जागा घेतं, पण काम करत नाही. म्हणून पिकाची खार सोसण्याची ताकद बघताना पानातलं पोटॅशियम आणि सोडियम यांचं गुणोत्तर बघतात.

सगळी पिकं सारखी हळवी नसतात. अमेरिकेतल्या मास आणि हॉफमन यांनी 1977 साली केलेला तक्ता, पुढच्या दुरुस्त्यांसह, अजून जगभर वापरला जातो. प्रत्येक पीक किती वाहकतेपर्यंत उत्पन्न न घटवता टिकतं आणि त्यानंतर एकेका एककाला किती टक्के घटतं, ते त्यात आहे. आपल्या ओळखीची पिकं घेऊ. कांदा 1.2, मका आणि ऊस 1.7, मोसंबी ज्या संत्रावर्गात मोडते तोही 1.7. भुईमूग 3.2, सोयाबीन 5, गहू 6, ज्वारी 6.8, कपाशी 7.7. दुसरा आकडा त्याहून बोलका आहे. कपाशी 7.7 नंतर एककाला पाच टक्क्यांच्या आसपास घटते, सोयाबीन 5 नंतर वीस टक्के. म्हणजे 10 वाहकतेच्या जमिनीत कपाशी अजून अठ्ठ्याऐंशी टक्के देईल आणि सोयाबीन काहीच देणार नाही. कपाशी सोडून सोयाबीनकडे वळलेल्या मराठवाड्यात हा हिशेब प्रत्येक कृषी सहायकाच्या खिशात असायला हवा.

पिकापिकांतला हा फरक जनुकांत कुठे आहे, याचा माग 1990च्या दशकात मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या तणात लागला. जियान-कांग झू यांच्या गटानं मीठ अजिबात न सोसणारी रोपं शोधली आणि त्यांच्यात कोणती जनुकं बिघडली आहेत ते पाहिलं. तीन सापडली. त्यांना ‘सॉस’ एक, दोन, तीन अशी नावं पडली. मिठाचा फटका बसताच पेशीत कॅल्शियमची एक लाट उठते. सॉस-3 चं प्रथिन ती ओळखतं, सॉस-2 ला जागं करतं, सॉस-2 पुढं सॉस-1 ला चालू करतं, आणि सॉस-1 हा पेशीच्या पटलात बसलेला पंप सोडियम बाहेर फेकायला लागतो. यातली एक बाब शेतकऱ्याच्या थेट उपयोगाची आहे. सॉस-3 बिघडलेल्या रोपांना बाहेरून भरपूर कॅल्शियम दिलं तर ती मिठात काहीशी सावरतात. मुळाभोवती कॅल्शियम असलं की सोडियम आत शिरायच्या वाटाही आवळल्या जातात. चोपण जमिनीत आपण जिप्सम टाकतो ते कणांवरचं सोडियम हटवण्यासाठी, पण त्याच जिप्समचं कॅल्शियम मुळाच्या आतल्या या यंत्रणेलाही हात देतं.

तरीही थोडं सोडियम आत येतंच. त्याची सोय लावणारी दुसरी जनुकं आहेत. वनस्पतीच्या पेशीत मधोमध एक मोठी पिशवी असते, घरातल्या अडगळीच्या खोलीसारखी. एनएचएक्स नावाची प्रथिनं सोडियम उचलून त्या पिशवीत कोंडतात, त्यामुळे पेशीचं कामकाज जिथं चालतं तो भाग मोकळा राहतो आणि कोंडलेलं मीठ पाणी धरून ठेवायला उपयोगीही पडतं. एदुआर्दो ब्लुमवाल्ड यांच्या गटानं 1999 साली अरॅबिडॉप्सिसमध्ये आणि 2001 साली टोमॅटोत हे जनुक वाढवून दाखवलं तेव्हा मोठा गाजावाजा झाला. खारट पाण्यावर वाढलेल्या त्या टोमॅटोच्या पानांत मीठ साठलं, फळात मात्र फारसं नाही. ते टोमॅटो बाजारात कधी आले नाहीत. एका जनुकानं कुंडीत दिसलेला फरक शेतात तेवढाच राहत नाही, हे त्यानंतर अनेक पिकांत दिसलं.

तिसरी वाट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती शेतकऱ्यांनी आधीच निवडून ठेवली होती. केरळच्या किनाऱ्यावर पोक्कळी नावाचा भात समुद्राचं पाणी शिरणाऱ्या खाचरांत शतकानुशतकं घेतला जातो. बंगालच्या किनारी भागात नोना बोकरा आहे. आपल्या कोकणात खारभूमीच्या बांधांआड काळा रता आणि भुरा रता हे वाण होते. गोव्याच्या खाजनांत कोरगुट होता. उंच वाढणारे, लोळणारे, कमी देणारे, पण भरतीचं पाणी चढून उतरलं तरी उभे राहणारे असे हे वाण. 2005 साली चिनी शास्त्रज्ञांनी नोना बोकराच्या पहिल्या गुणसूत्रावरचं एक जनुक वेगळं काढलं. ते मुळातून वर जाणाऱ्या जलवाहिन्यांच्या कडेच्या पेशींत काम करतं आणि वर निघालेलं सोडियम तिथंच परत ओढून घेतं, म्हणून ते पानापर्यंत पोचत नाही. हे जनुक साध्या जपानी भातातही आहे. नोना बोकरातल्या प्रथिनात फक्त चार अमिनो आम्लं वेगळी आहेत. पोक्कळीतला खारसहिष्णुतेचा प्रसिद्ध भाग, ज्याला ‘साल्टोल’ म्हणतात, तोही पहिल्याच गुणसूत्रावर याच परिसरात आहे. तो पुढं जनुकीय खुणेच्या आधारानं पुसा बासमती 1121 सारख्या लोकप्रिय वाणांत नेला गेला. कोकणात मात्र रेणूंची भाषा येण्याच्या कितीतरी आधी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं भुरा रत्याचा आयआर 8 या वाणाशी संकर करून पनवेल 1 आणि 2 हे वाण दिले. त्या पैदासकारांना चार अमिनो आम्लांची माहिती नव्हती. खाचरात कोण उभं राहतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

भाताची निवड आजही बरीचशी तशीच होते, फक्त खाचराच्या जागी टब आला. थर्माकोलच्या पाटीला रांगेनं भोकं पाडतात, खालून नायलॉनची जाळी लावतात, प्रत्येक भोकात मोड आलेले दाणे ठेवून पाटी पोषक पाण्यावर तरंगत सोडतात. रोपांनी जीव धरला की पाण्यात मीठ घालून वाहकता 6 वर आणि काही दिवसांनी 12 वर नेतात. रोज सामू तपासावा लागतो, नाहीतर लोहाच्या तुटवड्यानं रोपं पिवळी पडतात आणि निकाल फसतो. मग वाट पाहायची. आधी सगळ्यात जुन्या पानाचं टोक पांढुरकं होतं, पान आत वळतं, सुकतं. दोन आठवड्यांत आयआर 29 या हळव्या जातीची रांग बसलेली असते. पोक्कळीची आणि त्याच दोघांच्या संकरातून निघालेल्या एफएल 478 ची रांग हिरवी असते. प्रत्येक ओळीला 1 ते 9 गुण देतात: 1 म्हणजे धडधाकट, 9 म्हणजे मेलेलं किंवा मरायला टेकलेलं. मोजमाप साधं आहे, पण हजारो ओळी चाळायच्या असतील तर याहून भरवशाचं दुसरं फारसं नाही.

गव्हाची गोष्ट मराठवाड्याच्या ताटाजवळची आहे. पोळीचा सरबती गहू तीन पूर्वजांच्या गुणसूत्रांचे तीन संच घेऊन आलेला आहे. बन्सी आणि खपली यांच्यात दोनच संच आहेत. तिसऱ्या संचाबरोबर साध्या गव्हात सोडियम पानाबाहेर ठेवणारा एक जनुकभाग आला, बन्सीला तो मिळाला नाही. म्हणून खारवट जमिनीत बन्सी साध्या गव्हापेक्षा लवकर खचतो. ऑस्ट्रेलियात रॅना मन्स आणि सहकाऱ्यांना बन्सीवर्गातल्या गव्हाची एक ओळ सापडली, जिच्या पानात सोडियम आश्चर्यकारक कमी होतं. ती ओळ मुळात तांबेरा रोगाच्या प्रतिकारासाठी एका प्राचीन एकदाणी गव्हाशी केलेल्या जुन्या संकरातून आली होती. तांबेऱ्यासाठी आणलेल्या गुणसूत्राच्या तुकड्यांबरोबर खार अडवणारी दोन जनुकं नकळत येऊन बसली होती. त्यातलं एक भातातल्या त्या जनुकाच्याच घराण्यातलं निघालं. 2012 साली त्यांनी जाहीर केलेल्या शेतचाचण्यांत खारवट जमिनीवर त्या जनुकानं दाण्याचं उत्पन्न 25 टक्क्यांपर्यंत वाढवलं. वेगळ्याच कामासाठी जपलेलं जुनं बियाणं कधी कुठं उपयोगी पडेल, याचा यापेक्षा चांगला दाखला मला माहीत नाही.

इथंवर वाचून पैठणचा शेतकरी विचारील की मग आमच्या कपाशीत, हरभऱ्यात हेच जनुक घाला, अडलं कुठं? अडतं ते काळ्या मातीत.

सोडियम बाहेर फेकणं फुकट होत नाही. सॉस-1 चा पंप आत येणाऱ्या हायड्रोजन आयनांच्या जोरावर सोडियम बाहेर काढतो. तो जोर टिकवायला दुसरा पंप सतत ऊर्जा जाळून हायड्रोजन आयन बाहेर ढकलत असतो. ऊर्जा श्वसनातून येते, श्वसनाला प्राणवायू लागतो. मुळाभोवती पाणी तुंबलं की मातीतला प्राणवायू पाहता पाहता संपतो. मूळ मग बिनप्राणवायूच्या आंबण्यावर भागवतं, त्यात साखरेच्या प्रत्येक कणामागे मिळणारी ऊर्जा नेहमीच्या एका छोट्या अंशावर येते. पंप मंदावतात. ऑस्ट्रेलियातल्या बॅरेट-लेनर्ड यांनी 2003 साली अनेक पिकांवरचे प्रयोग एकत्र मांडून दाखवलं की खार आणि पाणथळ एकत्र आले की पानातलं सोडियम एकट्या खारापेक्षा झपाट्यानं चढतं. चोपण मातीत याच्यावर आणखी एक भर पडते. बाहेरची माती अल्कधर्मी असली की तिथं हायड्रोजन आयनच कमी असतात, ज्यांच्या जोरावर सॉस-1 चालतो ते. सामू वाढल्यानं लोह आणि जस्तही मुळाला मिळेनासं होतं. म्हणजे जनुक उत्तम असलं तरी चोपण, तुंबलेल्या वावरात त्याचं प्रथिन आपलं काम करू शकत नाही.

भाताला हे सोसतं, कारण त्याच्या मुळांत वरून हवा पोचवणाऱ्या पोकळ्या असतात. पाण्यात उभं राहणं हा त्याचा धर्मच आहे. खारसहिष्णुतेचं इतकं ज्ञान भातावर उभं आहे आणि कपाशी, तूर, हरभरा यांच्या मुळांत भातासारखी सोय नाही. मास आणि हॉफमनचा तक्ताही चांगला निचरा होणाऱ्या जमिनी धरून केलेला आहे. त्यातला कपाशीचा 7.7 हा आकडा चोपण वावराला लावला तर तो शेतकऱ्याला दगा देईल. रोप लहान असताना तर कपाशी त्या आकड्याच्या जवळपासही टिकत नाही. बियाणं हा निचऱ्याचा पर्याय नाही, असं जे वरचेवर सांगितलं जातं, ते फक्त खर्चाच्या हिशेबापुरतंच खरं मानायचं कारण नाही. पेशीच्या आतल्या हिशेबानंही ते तसंच आहे. चर खणला, जिप्सम टाकलं, कालव्याची पाळी चुकवली की मुळाला हवा मिळते, आणि तेव्हाच पिकातलं जनुक कामाला लागतं.

हरभऱ्यानं या विषयाला आणखी एक वळण दिलं. हैदराबादजवळ पतंचेरूच्या इक्रिसॅटमध्ये व्हॅन्सँ वादेझ आणि सहकाऱ्यांनी हरभऱ्याचे 263 वाण काळ्या मातीच्या कुंड्यांत खारट पाण्यावर तपासले. निकाल 2007 साली आले. हरभरा हे फार हळवं पीक, तरी वाणावाणांत उत्पन्नाचा फरक सहापट निघाला. देशी वाण काबुलीपेक्षा सरस ठरले. कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेनं आधी खारवट जमिनीसाठी दिलेल्या सीएसजी 8962 पेक्षाही काही वाण पुढं गेले. सगळ्यात लक्षवेधी बाब पुढं आहे. चांगल्या वाणांच्या पानांत सोडियम कमी होतं असं दिसलं नाही. सोडियम आणि पोटॅशियमच्या आकड्यांशी सहिष्णुतेचा मेळच बसेना. फरक होता तो भरलेल्या घाट्यांच्या संख्येत. फुलोऱ्यात, फळधारणेत जे वाण मिठात डगमगले नाहीत ते जिंकले, दाण्याचा आकार जवळपास सारखाच राहिला. पुढं त्यांनी आयसीसीव्ही 2 हा हळवा काबुली आणि जेजी 62 हा कणखर देशी यांच्या संततीत उत्पन्न सांभाळणारे गुणसूत्रांचे भागही शोधले. भातातल्या जनुकांची यादी हरभऱ्यावर लावणारा इथं चुकला असता.

उसानं तर जनुकांची यादी करण्याचीच पंचाईत केली आहे. शंभरहून अधिक गुणसूत्रं, तीही रानटी आणि लागवडीच्या उसाची मिसळ. तरी त्याच नीरा खोऱ्यातल्या पाडेगावच्या संशोधन केंद्रानं 2007 साली दिलेली फुले 265 ही जात क्षारपड जमिनीत इतर जातींपेक्षा बरी येते, असा राज्यभरच्या ऊसकऱ्यांचा अनुभव आहे आणि शिफारसही तशी आहे. ती शेतात निवडली गेली. ज्या जमिनींवर मान आणि ताम्हाणे यांनी 1910 साली लिहिलं, त्यांच्याच शेजारी ती तयार व्हावी याचं मला मोठं समाधान वाटतं. मात्र फुले 265 मिळाली म्हणून पाट मोकळा सोडणारे शेतकरीही मी पाहिले आहेत. त्यांची जमीन पुढच्या खोडव्याला आणखी मागं गेलेली असते.

मे 2025 मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेनं जनुकसंपादनानं तयार केलेले दोन भात जाहीर केले. त्यातला पुसा डीएसटी राइस 1 हा एमटीयू 1010 या प्रचलित वाणावर बेतलेला आहे. डीएसटी हे जनुक पर्णरंध्रं बंद करण्याला आडकाठी घालतं. ते निकामी केलं की झाड पाणी जपून वापरतं, आणि पाणी कमी ओढलं की त्याच्याबरोबरचं मीठही कमी येतं. बाहेरचं कोणतंही जनुक त्यात घातलेलं नाही. पिकातलंच एक जनुक गप्प करण्याची ही वाट मला आशेची वाटते, कारण ती कपाशीत आणि कडधान्यांतही चोखाळून पाहता येईल. पण हा पुन्हा भातच आहे.

मराठवाड्याला हवी ती चाळणी वेगळी आहे. जालन्याला बियाणं उद्योग आहे, परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, तिथं देशी कपाशीचा मोठा वारसा आहे, आणि गुजरातेत भरूचच्या खारवट काळ्या जमिनीत देशी कपाशी चांगली तग धरते हे दिसलेलं आहे. देशी कपाशीचे आणि हरभऱ्याचे जमतील तितके वाण घेऊन ते जायकवाडीच्या लाभक्षेत्रातल्या खऱ्या चोपण मातीत, सामू साडेआठच्या वर असलेल्या मातीत पेरले पाहिजेत. अर्ध्या वाफ्यांना निचऱ्याचा चर द्यावा, अर्ध्यांत फुलोऱ्याच्या आधी दोन दिवस पाणी तुंबू द्यावं. मग पानातलं सोडियम, पानातलं पोटॅशियम आणि शेवटी भरलेली बोंडं-घाटे असे तिन्ही आकडे प्रत्येक झाडाचे लिहून ठेवावेत. चर असलेल्या वाफ्यात कोण पुढं जातं आणि तुंबलेल्या वाफ्यात कोण, या दोन याद्या शेजारी ठेवल्या की कुठल्या जनुकामागं लागायचं ते ठरवता येईल.